दाब कसा हवा?

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

आज केस्लरबाईंनी ऑफिसात बोलावून माझ्यासमोर तीन कार्डं मांडली. थर्मेतून, म्हणजे ड्रेस्डेनबाहेरच्या आमच्या गरम पाण्याच्या कुंडांच्या स्पामधून, जाताना पाहुणे अभिप्राय लिहून पेटीत टाकतात, ती. तिन्हींवर माझं नाव. एकावर ‘हात उत्तम, पण ऐकत नाही.’ दुसऱ्यावर ‘पुरे म्हटल्यावरही चालूच ठेवलं.’ तिसऱ्यावर नुसतं ‘अती’ आणि त्याखाली दोन रेघा.

मी म्हटलं, या तिघांच्याही पाठी मी मोकळ्या करून दिल्या, त्याचं काय? तर म्हणाल्या, "फ्राउ कर्णिक, पाठ त्यांची आहे."

मग त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. माझी प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचे सहा महिने, एकतीस मार्चला संपतात. त्याआधी, शुक्रवारी अठ्ठावीस मार्चला, त्या स्वतः कोपऱ्यात बसून माझं एक पूर्ण सत्र बघणार. माणसाला काय हवं-नको ते विचारून, त्याचं ऐकून मी काम करते असं दिसलं तर नोकरी पक्की. नाही दिसलं तर एप्रिलपासून यायचं नाही. बाई वाईट नाहीत, पण बोलणं असं की मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

मला राग आला. अजून आहे. पुण्यात मी फिजिओथेरपिस्ट होते, चांगली होते. लग्न करून ड्रेस्डेनला आले, पदवीच्या मान्यतेसाठी कागद गोळा करायला लागले, तेवढ्यात केया झाली आणि कागद फायलीत पिवळे पडले. दोन वर्षांपूर्वी, पंचेचाळिसाव्या वर्षी, वीस-बावीसच्या पोरींच्या बाकावर बसून जर्मनमध्ये मसाजचा कोर्स केला आणि वर्गात पहिली आले. आज थर्मेत माझ्या लॉकरवर माझं नाव आहे. ही नोकरी मला हवी आहे. वहीत लिहायला लाज कसली, हवीच आहे.

आणि मी ऐकत नाही म्हणे! सांगलीला आमच्या घरी पंगतीत ‘वाढू का?’ असं विचारणं म्हणजे वाढायची इच्छा नसणं. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, तो धरायचाच असतो. आपण त्याच्या बोटांच्या फटीतून श्रीखंड सोडायचं असतं. माझे एक पाहुणे, नोआकसाहेब, टेबलावर पालथे पडून ‘राइख्ट, पुरे’ म्हणाले, तेव्हा मला वाटलं, भिडस्त आहेत बिचारे. मी त्यांना आणखी दहा मिनिटं वाढली. दुसरं कार्ड त्यांचं आहे.

१४ फेब्रुवारी

केस्लरबाईंनी फॉर्म दिला आहे. अकरा प्रश्न. सत्र सुरू होण्याआधी विचारायचे आणि खुणा करायच्या. दाब कसा हवा, तेल कोणतं, खोली किती गरम, संगीत हवं का, बोललेलं चालेल का, कुठे हात लावायचा नाही. शेवटचा प्रश्न वाचून मला हसू आलं. हात लावायचा नसेल तर इथे कशाला यायचं?

आज पहिलाच नंबर नोआकसाहेबांचा. कार्ड लिहूनही पुन्हा माझ्याचकडे आले, हे केस्लरबाईंनी लक्षात घ्यावं. चाळीस वर्षं शहरात ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस. मी जनगणनेला आलेल्या बाईसारखे अकराच्या अकरा प्रश्न वाचले. त्यांनी अकराही उत्तरं दिली. लॅव्हेंडर नको, त्यानं डोकं दुखतं. उशी गुडघ्याखाली नको, घोट्यांखाली. खिडकी दोन बोटं उघडी. डाव्या खांद्याला हात नको, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून. उजव्या बाजूला जोर चालेल, पण आधी पाच मिनिटं हलका. बोलायचं नाही, बोलायचंच असेल तर शेवटी, आणि हवामानावर नको.

मी थक्क झाले. बहात्तर वर्षांच्या माणसाला स्वतःची इतकी खडान्‌खडा माहिती! आपल्याकडे एवढं तर स्थळ बघायला आलेले लोकही सांगत नाहीत.

सगळं त्यांच्या मनासारखं केलं. डाव्या खांद्यात लिंबाएवढी गाठ आहे, ती दिसत होती. तिच्याकडे दुर्लक्ष करताना माझी बोटं शिवशिवत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी सराव केला. नवऱ्याला, गुरुदत्तला, सोफ्यावर पालथा घातला आणि फॉर्म काढला.

"दाब कसा हवा?"

"चालेल."

"अरे, कमी की जास्त?"

"तू करशील तसा."

"तेल गरम करू?"

"कर. नको असेल तर नको करू."

एवढा मोठा चिपच्या कारखान्यातला इंजिनियर, हजार माणसांना काय हवं ते ठरवतो, आणि स्वतःच्या पाठीबद्दल मत नाही. वीस वर्षं मी या माणसाला त्याच्या मनाप्रमाणे जेवायला घालते आहे अशी माझी समजूत होती. आता वाटतं, माझ्याच मनाप्रमाणे घालत असेन. तक्रार तर नाही केली कधी.

केया स्वयंपाकघरात अभ्यास करत होती. जानेवारीत अठरा पूर्ण झाली, मेमध्ये आबिटुअरची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा. मान दगडासारखी झाली आहे, लांबूनही दिसते. म्हटलं, "ये, पाच मिनिटं मान सोडवते." ती म्हणाली, "नाइन, डांक." नको, थँक्स. ही पोरगी मी मराठीत बोलले की जर्मनमध्ये उत्तर देते, इथल्या सगळ्याच मुलांची ती तऱ्हा. मी मागून गेले आणि डोक्यावर थोडं तेल थापलंच. मी लहान असताना माझी आईही असंच करायची, आणि मी तिथेच झोपून जायचे. केया झोपली नाही. उठून खोलीत गेली. वय आहे. सकाळी साडेपाचला उठून केस धुते हल्ली. पाण्याची नुसती नासाडी.

माझे फॉर्म टेबलावर राहिले होते. संध्याकाळी बघते तर प्रश्नांखाली मी माझ्या शब्दांत लिहिलेल्या जर्मन वाक्यांत पेन्सिलीने दुरुस्त्या केलेल्या. ‘तुम्हाला’च्या जागी आदराचं ‘आपणाला’ केलंय, एका प्रश्नाखाली रेघ मारून ‘हा आधी विचार’ असं लिहिलंय. कुठे हात लावायचा नाही, तो प्रश्न. हिला चुका काढायला फार आवडतं, बापावर गेली आहे.

२६ फेब्रुवारी

दहा दिवसांत एकही वाईट कार्ड नाही. प्रश्न आता न वाचता येतात. हे काही अवघड नव्हतं. मी मनावर घेतलं की होतं.

६ मार्च, गुरुवार

आजचा दिवस लिहायचा नव्हता. पण वहीशी खोटं बोलून कुणाला फसवणार?

पहिल्यांदाच आपल्याकडची पाहुणी आली. निधी. सव्वीसेक वर्षांची, आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून लग्न होऊन इथे आलेली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं वाढदिवसाला गरम दगडांच्या मसाजचं कुपन दिलेलं. मला बघून तिचा चेहरा उजळला. "ताई, तुम्ही मराठी! बरं झालं बाई, मला जर्मनची धाकधूक वाटत होती."

मी फॉर्म काढला. तेल? "कुठलंही चालेल." संगीत? "असू दे, चालेल." दाब? "तुम्हाला योग्य वाटेल तो." कुठे हात नको? "नाही, तसं काही नाही." अकरा खुणा दीड मिनिटात. मी मनात म्हटलं, ही खरी सुखाची पाहुणी.

पायांपासून सुरुवात केली तर तिने पाय आखडून घेतले. "अहो ताई, पायांना नको ना. तुम्ही मोठ्या आहात." मी म्हटलं, "वेडे, इथे मी नोकरीवर आहे," आणि केले पाय. पूर्ण वेळ तिची बोटं मुडपलेली होती. मग पाठीवर दगड मांडले. माझ्या मनगटावर तपासून मगच ठेवले. विचारलं, "गरम वाटतायत का गं? चालेल ना?" "हो, चालेल." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "चालेल, ताई."

सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने केस्लरबाई मला बोलवायला आल्या. कपडे बदलण्याच्या खोलीत निधी बाकावर पाठमोरी बसली होती, पाठीवर ओला टॉवेल, आणि रडत होती. मणक्याच्या दोन्ही बाजूंना लालभडक गोल उमटलेले. फोड नव्हते, उद्यापर्यंत उतरतील, पण लाल म्हणजे लालच. मला बघताच ती घाईघाईने म्हणाली, "काही नाही हो ताई, माझीच कातडी तशी आहे. तुमची काही चूक नाही." आणि वर मला वाकून नमस्कार करायला लागली, पायांना हात लावू दिला म्हणून.

केस्लरबाईंनी फॉर्म बघितला. "तुम्ही विचारलं. दोनदा विचारलं. ती ‘या’, म्हणजे हो, म्हणाली. आल्झो, यात तुमचा दोष नाही." म्हणजे कागदावर मी सुटले.

पण मला मराठी येतं. केस्लरबाईंना जे कळणं शक्य नाही ते मला कळायला हवं होतं. ‘चालेल’ म्हणजे हो नव्हे हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. ती पायांना नको म्हणाली ते मी ऐकलं नाही, आणि दगडांना चालेल म्हणाली ते ऐकलं. दोन्ही वेळा मला सोयीचं तेच ऐकलं. फार वाईट वाटतंय.

७ मार्च

निधीला फोन केला, माफी मागितली. ती माझीच समजूत घालायला लागली. मी म्हटलं, "हे बघ, हे असंच चालू राहिलं तर मला काही शिकता येणार नाही. रविवारी चहाला ये आणि मला खरं सांग." ती म्हणाली, "येते, चालेल." मी म्हटलं, "चालेल की येशील?" मग म्हणाली, "येईन. मला यायचंय."

९ मार्च, रविवार

निधी आली. पाठ आता ठीक आहे, लाली उतरली. चहा, पोहे झाले आणि मी पातेल्यातल्या गरम पाण्यातून दोन दगड काढून तिच्या दोन तळव्यांवर ठेवले. एक जास्त गरम, एक कमी.

"कुठला आवडला?"

"दोन्ही छान आहेत."

"दोन्ही नाही. हा की हा?"

ती इतकी अवघडली की जणू मी तिला दोन जावांपैकी चांगली कोण ते विचारत होते. बऱ्याच वेळाने डावा हात किंचित वर केला. कमी गरम. मी त्याच्याहून थंड दगड दिला. "हा की मघाचा?" "हा." "अजून थंड?" "नाही, हाच." आणि स्वतःच चकित होऊन हसली. म्हणाली, "ताई, कोणी काही विचारलं की माझ्या तोंडातून आधी चालेल निघतं. चालणार नाहीये हे मला नंतर कळतं. त्या दिवशी दगड पाठीवर होते तेव्हा मी मनात म्हणत होते, ताई किती प्रेमाने करतायत, आता कसं सांगायचं."

केया पाणी प्यायला आत आली होती. ग्लास भरता भरता म्हणाली, "झाग डोख आइनफाख नाइन." सरळ नाही म्हण ना.

निधी हसून म्हणाली, "इतकं सोपं नसतं गं ते."

"इश वाइस," केया म्हणाली. माहितीये मला. आणि ग्लास घेऊन निघून गेली.

हिला काय माहीत असणार! ही तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाहीच म्हणत असते.

निधी गेल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर माझा नियम लिहिला: ज्याला ‘चालेल’ असं उत्तर देता येतं तो प्रश्न विचारायचाच नाही. दोन गोष्टी हातात द्यायच्या आणि ‘ही की ही’ एवढंच विचारायचं. दाब सांगायचा नाही, खांद्यावर दोनदा दाबून दाखवायचा. आणि बोलून थांबवता येत नसेल तर बोट उचलायचं. बोट उचललं की मी थांबणार. हे कोर्सच्या पुस्तकात नव्हतं, केस्लरबाईंच्या फॉर्मवरही नाही. हे मी शोधलंय.

१९ मार्च

थर्मेत माझं दोन दगडांचं तंत्र सगळ्यांना दाखवलं. केस्लरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, एवढंच म्हणाल्या; त्यांच्या तोंडून ते म्हणजे आहेरच. नुसते भिडस्तच नाही, जर्मन लोकही खुश होतात. एक आजीबाई तेलाच्या दोन बाटल्या हुंगत पाच मिनिटं बसल्या. नोआकसाहेब म्हणाले, मला दगड नकोत, मला माहिती आहे काय हवं ते. पण आज जाताना हळूच म्हणाले की पुढच्या वेळी डाव्या खांद्याला एका बोटाने हात लावून बघायला हरकत नाही. एका बोटाने! मला नाचावंसं वाटलं.

अठ्ठावीसची मला आता भीती नाही. गुरुदत्त टेबलावर पडणार आहे. माणूस बाहेरचाच हवा, थर्मेतला नको, असा केस्लरबाईंचा नियम. त्याच्याकडून बोट उचलून घ्यायचा सराव चालू आहे. काल चक्क दोनदा उचललं.

२७ मार्च, गुरुवार

परीक्षा उद्या आणि गुरुदत्तच्या कारखान्यात एक मोठं मशीन बंद पडलंय. उद्या दिवसभर त्याला हलता येणार नाही. तोंड एवढंसं करून सांगत होता. निधीला फोन केला तर तिची उद्या नेमकी परदेशी नागरिकांच्या कचेरीत व्हिसाची टेर्मिन, आधी घेतलेली भेटीची वेळ. ती मोडली तर पुढची जूनमध्ये. ती म्हणाली, "मोडते हो ताई, चालेल." मी म्हटलं, "खबरदार!"

मी मटकन खुर्चीत बसले. एवढ्यात केया पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "इश कॉम मिट."

मला खरंच वाटेना. "तू येतेस? टेबलावर?"

"या." हो.

थर्मेतल्या तलावात फुकट पोहायला मिळेल म्हणून असेल. असो! दोन-तीन वर्षांत या पोरीने मला मानेला हात लावू दिलेला नाही. उद्या आयती सापडली आहे. ती मान मी अशी सोडवून देईन की परीक्षेपर्यंत पुन्हा दुखायची नाही. केस्लरबाईंनाही कळू दे, कर्णिक काय चीज आहे. गुरुदत्त म्हणाला, "तिला नीट विचारलंस ना?" मी म्हटलं, "अरे, ती स्वतःहून म्हणाली."

२८ मार्च, शुक्रवार

एस-बान लोकलमध्ये परतताना हे लिहायला सुरुवात केली, अर्धं घरी आल्यावर लिहिते आहे.

दहाला सुरू केलं. केया पालथी झोपली, अंगावर टॉवेल, चेहरा टेबलाच्या गोल भोकात. केस्लरबाई कोपऱ्यात खुर्चीवर, मांडीवर पॅड, मनगटावर घड्याळ. मी जर्मनमध्ये सगळं नीट विचारलं. संगीत बंद. तेल दुसऱ्या बाटलीतलं. खोली आणखी एक डिग्री गरम. केयाने प्रत्येक उत्तर स्वच्छ दिलं, मला अभिमान वाटला. केस्लरबाईंचं पेन चालू होतं.

मग दोन्ही तळवे तिच्या पाठीवर टेकवले आणि थांबले. सुरुवात नेहमी अशीच करायची असते. समोरचं अंग हळूहळू तळव्याखाली सैल पडतं, त्याची वाट बघायची.

ते सैल पडलं नाही. उलट ताठ होत गेलं. खांदे कानांकडे सरकले, श्वास वरच्या वर अडकला. माझ्या हाताखालून शेकडो पाठी गेल्या असतील. मला पाठ वाचता येते. मी जर्मनमध्ये विचारलं, "दाब असा की असा?" उत्तर नाही. बोट उचल म्हणून सांगितलेलं होतं, तेही उचललं नाही.

मग त्या भोकातून, हळू आवाजात, मराठीत: "आई, मला हे नकोय. मला हात लावलेला आवडत नाही. पण तू कर. बाईंना कळणार नाही. मला चालेल."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी सलग एवढं मराठी बोलली नव्हती.

केस्लरबाईंनी मान वर केली. "आलेस गूट? सगळं ठीक?"

खोटं कशाला लिहू, क्षणभर मी विचार केला. साठ मिनिटांचा प्रश्न होता. पोरगी स्वतः कर म्हणत होती. खोलीत मराठी समजणारं दुसरं कुणी नव्हतं. माझे हात चालले असते तर केस्लरबाईंना सगळं उत्तमच दिसलं असतं आणि सोमवारी माझ्या हातात करार पडला असता. लॉकरवरचं नाव राहिलं असतं.

पण ते ‘चालेल’ माझ्या पोरीच्या तोंडचं होतं. मी शोधलेला नियम, त्याचा केवढा अभिमान मला, आणि माझ्याच घरात इतकी वर्षं काय ऐकत होते मी? पोहायला म्हणून आली नव्हती ती. माझ्यासाठी आली होती.

मी हात उचलले. टॉवेल तिच्या मानेपर्यंत ओढला. केस्लरबाईंना म्हटलं, "पाहुणीला मसाज नको आहे. मी सत्र थांबवते."

"ती असं म्हणाली?"

"हो."

"मला तर तिचा आवाज तक्रारीचा वाटला नाही."

"आमच्याकडे तो तसा नसतोच," मी म्हटलं.

केया उठून बसली, टॉवेल धरून, डोळे विस्फारून. "ममा, श्पिन्स्ट डू?" वेड लागलंय का तुला? मी म्हटलं, "कपडे घाल, बाळा. बाहेर बस." ती गेली. दार लागलं. केस्लरबाईंनी घड्याळ बघितलं. "चार मिनिटं झाली. सत्र साठ मिनिटांचं बघायचं असतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. मी टेबलावरची चादर काढायला घेतली. संपलं होतं, आणि तरी मला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

केस्लरबाईंनी पॅड खाली ठेवलं आणि मनगटावरचं घड्याळ काढलं. "नवी चादर घाला," म्हणाल्या. "माणूस बाहेरचा हवा हा नियम माझाच आहे. आज मी तो मोडते."

थर्मेत कुणीही या बाईंना टेबलावर पडलेलं पाहिलेलं नाही. मी चादर घातली, विचारलं, दाब कसा हवा.

"एगाल. काहीही चालेल."

"फ्राउ केस्लर," मी म्हटलं, "ते उत्तर मी घेत नाही. असा की असा?" आणि दोनदा दाबून दाखवलं. भोकातून हुंकार आला, हसल्या असाव्यात. "दुसरा," म्हणाल्या. "आणि मानेला नको." मग बऱ्याच वेळाने, "तिथे एक ऑपरेशन झालंय. कुणाला सांगितलेलं नाही."

मी मानेच्या वाटेला गेले नाही. खाली, कमरेपाशी, एक गाठ सापडली, जुनी, हट्टी. तिच्यावर काम सुरू केलं. ती सुटायला लागली होती, अजून दोन मिनिटं आणि माझी झाली असती, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "राइख्ट."

माझे दोन्ही अंगठे बरोबर गाठीवर होते. मी ते उचलले. तिथल्या तिथे.

त्या उठल्या, घड्याळ बांधलं, केस सारखे केले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारी आठ वाजता ऑफिसात या. करारावर सही करायची आहे. आणि तुमचा तो लॉकर जरा आवरा."

बाहेर बाकावर केया नखं खात बसली होती. मला बघून उभी राहिली. "उंड?" मग, काय झालं? मी सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, मी दोन पावलं पुढेही झाले, आणि थांबले. आम्ही दोघी तशाच समोरासमोर उभ्या राहून रडलो. येणारे-जाणारे बघत होते.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तुला आवडत नाही हे मला कधीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं," ती म्हणाली. अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत. "लहान होते तेव्हा नको म्हणायचे. नको म्हटलं की तू हसायचीस, आणि अजून तेल. म्हणून मग मी नाइन म्हणायला लागले. मला वाटलं, ते तरी खरं वाटेल तुला."

एवढी मोठी गोष्ट, आणि ती अगदी साध्या सुरात सांगत होती, माझ्यावर न रागावता. मी तिची माफी मागितली. ‘सॉरी’ नाही, चुकलं माझं, असं म्हटलं. ती म्हणाली, ठीक आहे. मग जरा विचार करून म्हणाली, "ठीक नाही. पण होईल."

बाहेर एल्बे नदी लागली होती. काचेला डोकं टेकून ती डोळे मिटून बसली. रडून चेहरा सुजलेला, एक बट गालावर चिकटलेली. माझा हात आपोआप उठला.

"ती बट मागे करू?"

"नको," ती म्हणाली, डोळे न उघडता.

मी हात मांडीवर ठेवला. बट तिथेच राहिली, ड्रेस्डेनपर्यंत.